बी राखले, पण विद्या राखली काय?

(मंडळ्यांतील उपदेशक, शिक्षक व शेतकरी कुटुंबे यांच्यासाठी एक पाठ)



काही वर्षांपूर्वी भीमेच्या खोऱ्यातील एका खेड्यात माझे जाणेयेणे होते. तेथील मंडळीत एक वृद्ध आजी होत्या. त्यांच्या नावावर जमिनीचा एक गुंठाही नव्हता. सारा जन्म त्यांनी दुसऱ्यांच्या रानात खुरपण्यात व काढणीत घालविला होता. तथापि सुगीच्या आधी गावातील मोठमोठे शेतकरी त्यांना आपल्या रानात नेत व बियाण्याची कणसे त्यांच्याकडून निवडून घेत. उभ्या ज्वारीतून फिरताना त्या एखादे ताट हाताने वाकवीत, कणसाचा बुंधा, मधला भाग व शेंडा पाहत, दाणा नखाने दाबीत, दाताखाली फोडीत, आणि मग त्याला चिंधी बांधीत किंवा पुढे जात. मी एकदा म्हणालो, “आजी, हे सर्व मी वहीत उतरून घेतो.” त्या हसून म्हणाल्या, “घ्या की सायेब. पर वहीत काय मावतंय? रानात या, मंग दावते.”

मी ‘येतो’ म्हणालो. त्या वर्षी जाणे झाले नाही. पुढील वर्षी सुगीच्या आधीच आजी देवाघरी गेल्या.

त्यांचा नातू पुण्यास वाढलेला. तो गावी परत आला व त्याने थोडे रान वाट्याने केले. घरात आजीचे एक गाडगे सापडले. तोंड चिखलाने लिंपलेले, आत राखेत कालविलेले ज्वारीचे बी. मोठ्या प्रेमाने त्याने ते मृगाच्या पावसावर पेरले. ताटे माणसाच्या डोक्यावर गेली, वाऱ्याने लोळली. कणसे आली ती पावसात भिजून काळी पडली. कडबा झाला, पण भाकरीपुरता दाणा हाती आला नाही. शेजारचा एक म्हातारा बांधावर येऊन म्हणाला, “अरे, ही शाळू. ही रब्बीची. हिला मृगात कोण पेरतं?”

बी शाबूत होते. ते केव्हा, कोणत्या जमिनीत, किती खोल पेरावे ही विद्या मात्र आजीबरोबर गेली होती. त्यात माझाही दोष आहे, हे मी येथे कबूल करतो. तोच दोष तुमच्या हातून होऊ नये म्हणून हा पाठ लिहिला आहे.

१. शेतकीची विद्या म्हणजे काय?

पुष्कळ लोकांस वाटते की शेतकी ही अंगमेहनत आहे; विद्या ती शाळेतली. यशया संदेष्ट्याच्या २८व्या अध्यायाच्या शेवटी शेतकऱ्याचे जे वर्णन आहे, ते वाचल्यास हा गैरसमज दूर होईल. शेतकरी सदासर्वकाळ नांगरीतच बसत नाही. जमीन सारखी झाली की प्रत्येक धान्य तो त्याच्या त्याच्या जागी पेरतो. आणि जिऱ्यासारखे नाजूक पीक मळणीच्या जड यंत्राखाली न घालता काठीने झोडतो. कोणत्या पिकाला काय सोसेल हे ओळखणे, यालाच तेथे शहाणपण म्हटले आहे.

आपल्या दख्खनच्या काळ्या जमिनीतील रब्बी ज्वारीचेच पाहा. हे पीक पावसावर वाढत नाही. पाऊस जमिनीत जी ओल ठेवून जातो तिच्यावर वाढते. म्हणून पावसाळाभर रान कुळवून तयार ठेवतात, पाऊस सरत येताच पाभरीने पेरतात, आणि बी वरच्या सुक्या थरात न पडता खालच्या ओलीत पडेल असे पाहतात. चाड्यावर मूठ धरणे हे त्यातील मोठे कसब होय. मूठ सैल पडली तर पीक दाट होऊन ओल लवकर संपते. आवळली गेली तर रान विरळ राहते. मागाहून कोळपे चालवितात. तणाचा नाश एवढाच त्याचा हेतू नसतो. वरची माती भुसभुशीत झाली व भेगा बुजल्या म्हणजे खालची ओल उडून जात नाही. ‘एक कोळपणी म्हणजे अर्धे पाणी’ असे शेतकरी म्हणतात ते याच कारणाने. आज कृषिशास्त्रही हेच सांगते.

बियाण्यातही असाच विवेक होता. भाकरीसाठी मालदांडी, हुरड्यासाठी गूळभेंडी, असे वाण उपयोगाप्रमाणे वेगळे राखले जात. सोलापूर जिल्ह्यातील मोहोळ येथील शेतकी संशोधन केंद्रात १९३० च्या दशकात मालदांडी ज्वारीतून निवड करून जो ‘मालदांडी ३५-१’ वाण सिद्ध झाला, तो आजही रब्बीच्या रानात उभा आहे. शास्त्रज्ञांनी निवड केली. परंतु निवडण्याजोगे जे मूळ बी त्यांच्या हाती आले, ते शेतकरी स्त्रीपुरुषांनी कित्येक पिढ्या कणीस कणीस पारखून राखले होते.

गुराढोरांविषयीही हेच. घाटमाथ्यावरील झोडपत्या पावसात डांगी गाय टिकते. सोलापूर, सांगली, साताऱ्याच्या कोरड्या मुलखात चपळ खिलार बैल चालतो. लातूरकडे देवणी, वर्ध्याकडे गवळाऊ. हे भेद आपोआप पडले नाहीत. कोणता वळू राखावा, कोणते खोंड बडवावे, हे ठरविणाऱ्या डोळ्यांनी ते घडविले. आपले धनगर बंधू पावसाळा सरला की दख्खनी मेंढ्या घेऊन कोकणात उतरतात व पावसाळ्यापूर्वी परततात. वाटेत शेतकरी आपल्या रानात मेंढ्या बसवून घेतो. त्याला खत मिळते, मेंढपाळाला धान्य किंवा पैसा मिळतो. कोणत्या महिन्यात कोठे चारा, कोठे पाणी, कोणत्या रोगाला कोणता पाला, हे सारे त्यांच्या स्मरणात असते. त्याचे पुस्तक नाही.

२. ही विद्या कोणाजवळ होती?

येथे एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. आपल्यातील पुष्कळांचे वाडवडील भूमिहीन होते. सातबाऱ्यावर त्यांचे नाव नव्हते, म्हणून त्यांच्या ज्ञानाचीही कोठे नोंद झाली नाही. परंतु दोरखंड वळणे, मोटेचे चामडे कमावून शिवणे, बांध घालणे, पेव भरणे, आजारी बैलाची शुश्रूषा करणे, ही कामे त्यांनीच केली. जमीन दुसऱ्याची होती, हात त्यांचे होते; आणि विद्या हातात असते.

या स्मरणात दुःखही मिसळलेले आहे. ते काम पुष्कळदा वेठीचे होते, मोबदला थोडा व अपमान मोठा होता. त्यामुळे शिकलेली मुले म्हणतात, “त्या दिवसांचे नावही नको.” त्यांचे म्हणणे मला समजते. जुलमाचे गोडवे कोणी गाऊ नयेत. परंतु जुलूम वेगळा आणि कसब वेगळे. जुलूम टाकावा, व ज्या कसबाचे श्रेय आपल्या आजोबांस कोणी दिले नाही ते श्रेय आता आपण लिहून द्यावे. तसे न केले तर ज्यांनी त्यांस अडाणी म्हटले त्यांच्या म्हणण्यावर आपणच शिक्कामोर्तब केल्यासारखे होईल.

स्त्रियांविषयीही असेच म्हणावे लागते. बियाण्याची निवड, ते उन्हात वाळविणे, राख व कडुलिंबाचा पाला घालून कणगीत किंवा गाडग्यात भरणे, भोपळ्या-दोडक्याचे बी राखून ठेवणे, हे बहुतेक घरी आई व आजी यांचे काम. शेतकरी कोण असे विचारले तर मात्र घरातील पुरुषाचे नाव सांगतात!

३. ती नष्ट कशी होते?

पहिले कारण, बी विकत मिळू लागले. १९६४ साली भारतात ज्वारीचा पहिला संकरित वाण प्रसृत झाला. संकरित बियाण्याने खरिपाचे उत्पन्न वाढले व पुष्कळांची भूक भागली, हे न मानणे कृतघ्नपणाचे होईल. परंतु त्याच्या पिकातून धरलेले बी पुढील वर्षी तसेच उतरत नाही, म्हणून ते दर वर्षी दुकानातून आणावे लागते. बी निवडण्याचे कारण उरले नाही, तशी निवडणारी नजरही मावळली.

दुसरे कारण, दुष्काळ व स्थलांतर. १९७२ च्या दुष्काळात कित्येकांची जनावरे गेली व कित्येक कुटुंबे शहरांकडे गेली. जो मुलगा बारा वर्षांचा असताना गाव सोडतो त्याने बापाबरोबर पाभर धरलेली नसते.

तिसरे कारण, यंत्र. ट्रॅक्टरने कष्ट वाचले ही चांगलीच गोष्ट. परंतु बैल गेला तशी बैलाची पारखही गेली, आणि शेणखतही कमी झाले.

चौथे कारण सर्वांत सूक्ष्म आहे. मुलाने विचारले नाही आणि बापाने सांगितले नाही. बाप म्हणतो, “तू शीक, मातीत हात घालू नको.” हे तो प्रेमानेच म्हणतो. पण अशा एका पिढीच्या मौनाने शेकडो वर्षांची साखळी तुटते.

४. तीन उदाहरणे

पहिले, लिहिण्याचे. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्रिन्सिपॉल डॉ. हॅरॉल्ड मॅन यांनी आपल्या सहकाऱ्यांसह पुण्याजवळील पिंपळे सौदागर या एका लहान गावाचा बारकाईने अभ्यास केला व १९१७ साली तो प्रसिद्ध केला. माती, विहिरी, पिके, जनावरे, कर्ज, जमिनीचे तुकडे, सर्व त्यात आहे. १७७१ साली सरासरी ४० एकर असलेली धारणा १९१५ च्या सुमारास ७ एकरांवर आली होती, हे त्या अभ्यासामुळेच आपणांस कळते. आज तेच पिंपळे सौदागर पिंपरी-चिंचवड शहरात सामावले असून जेथे शेते होती तेथे उंच इमारती उभ्या आहेत. शेती गेली, लिहिलेले तेवढे राहिले. तुमच्या गावाविषयी असे कोणी लिहिले आहे काय?

दुसरे, पाहण्याचे. चंद्रपूर जिल्ह्यातील नागभीड तालुक्यात नांदेड नावाचे गाव आहे. तेथील दादाजी खोब्रागडे हे अल्पशिक्षित गृहस्थ. जमीन सुमारे दीड एकर. १९८३ साली आपल्या धानात काही लोंब्या इतरांहून निराळ्या आहेत असे त्यांच्या नजरेस आले. त्यांनी त्या वेगळ्या काढल्या, पुढील हंगामात वेगळ्या लावल्या, आणि अशी पारख काही वर्षे चालविली. त्यातून जो बारीक दाण्याचा तांदूळ निपजला तो त्या काळच्या लोकप्रिय मनगटी घड्याळावरून ‘एच.एम.टी.’ या नावाने दूरवर पसरला. २००५ साली त्यांचा राष्ट्रीय पातळीवर सन्मान झाला, परंतु तांदळाची जेवढी ख्याती झाली तेवढा लाभ शोधकाच्या घरी आला नाही. २०१८ साली ते वारले. त्यांच्या चरित्रापासून दोन धडे घ्यावे : निरीक्षण हे श्रीमंताचे मिरास नव्हे, आणि गरिबाच्या शोधाची नोंद वेळीच व त्याच्या नावाने झाली पाहिजे.

तिसरे, राखण्याचे व वाटण्याचे. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील अकोले तालुक्यात कोंभाळणे येथील राहीबाई पोपेरे शाळेत गेलेल्या नाहीत. नातू आजारी पडू लागला तेव्हा फवारणीच्या भाजीपाल्याविषयी त्यांना शंका आली व त्या गावठी बियाण्यांकडे वळल्या. त्यांनी शंभराहून अधिक वाण गोळा केले, बीजकोश उभारला, आणि २०२० साली त्यांस पद्मश्री जाहीर झाली. त्या बी कुलपात ठेवून बसत नाहीत. ते इतर शेतकऱ्यांना देतात, व बरोबर ते कसे लावावे हेही सांगतात. आमच्या आजीच्या गाडग्यात जे उणे राहिले ते येथे भरून निघाले आहे.

५. जुने ते सर्व सोने नव्हे

आता एक सावधगिरी. जे जुने ते खरेच असेल असे नाही. स्त्रीने नांगर धरू नये, अमक्या वारी पेरणी करू नये, जनावराला रोग झाला तर तो कोणाच्या नजरेने झाला, अशा समजुती शेतकीच्या ज्ञानाबरोबरच चालत आल्या आहेत. बी राखताना गोंडाळ व किडका दाणा आपण वेगळा करतो. तसेच येथेही करावे.

पारख कशी करावी? नक्षत्रांचेच उदाहरण घ्या. सूर्य प्रत्येक नक्षत्रात सुमारे तेरा ते चौदा दिवस असतो, म्हणून ‘मृग’, ‘हस्त’ ही शेतकऱ्याची सोयीची दिनदर्शिका आहे, व त्या दृष्टीने ती उपयोगी आहे. परंतु अमक्या वाहनावर नक्षत्र बसले म्हणून पाऊस अमुकच पडेल, हे तपासून पाहावे. सरळ कडांचा एक डबा उघड्यावर ठेवा, रोज सकाळी पाणी मोजा, व पाच वर्षे लिहून ठेवा. खरे काय ते वही सांगेल. शिवाय पावसाचा कल हल्ली बदलत आहे. आजोबांचा ठोकताळा आजोबांच्या पावसाला लागू होता. म्हणून त्यांची तारीख पाठ करण्यापेक्षा त्यांचे कारण समजून घ्यावे. तारीख चुकेल, पण ओल पाहून पेरावे हे कारण चुकणार नाही.

विद्वानांनीही या विद्येचा तिरस्कार केलेला नाही. विलायतेहून पाठविलेले डॉ. व्हेल्कर यांनी हिंदी शेतीची पाहणी करून १८९३ साली अहवाल प्रसिद्ध केला. त्यात येथील रयतेच्या शेतकीज्ञानाची त्यांनी मोकळ्या मनाने वाखाणणी केली, व साधनांचा तुटवडा ही तिची खरी अडचण असल्याचे दाखविले. पुढे १९२४ साली इंदुरास संशोधनसंस्था काढणारे आल्बर्ट हॉवर्ड यांनी तर येथील शेतकऱ्यांस आपले गुरू मानिले.

६. आता काय करावे?

(अ) वही घाला. प्रत्येक मंडळीत एक जाड वही असावी. ज्यांस लिहिता येते ते उपदेशक व शिक्षक यांनी वृद्धांपाशी बसावे. एका पानावर एकच गोष्ट लिहावी : वाण किंवा काम, जमीन, वेळ, रीत, कारण, आणि सांगणाऱ्याचे नाव व वर्ष. वृद्धांचेच शब्द लिहावे. त्यांची भाषा ‘शुद्ध’ करू नये, कारण बोलीच्या शब्दातच पुष्कळदा अर्थ असतो. लिहिण्यापूर्वी त्यांची परवानगी घ्यावी, व वहीची एक नक्कल दुसऱ्या घरी ठेवावी.

(आ) रानात जा. आजी म्हणाल्या तेच खरे : सर्व काही वहीत मावत नाही. मूठ कशी धरावी हे शब्दांनी कळत नाही. म्हणून वर्षातून चार वेळा, पेरणी, कोळपणी, बीनिवड व मळणी या वेळी, मुलामुलींना वृद्धांबरोबर रानात न्यावे व काम त्यांच्या हातून करवावे. आज बहुतेक घरी मोबाईल आहे. त्यावर हातांची हालचाल टिपून ठेवावी. परंतु टिपून ठेवणे म्हणजे शिकणे नव्हे, हे विसरू नये.

(इ) बी वाटा. सुगीनंतर गावात एक दिवस बियाण्याची देवघेव करावी. प्रत्येकाने मूठभर बी आणावे व त्याची हकीकत सांगावी. एकाच घरी राखलेला वाण उंदीर, आग किंवा एका दुष्काळाने नाहीसा होतो. दहा घरी असलेला वाचतो.

(ई) कायदा जाणा. २००१ च्या पीकवाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याप्रमाणे शेतकऱ्यास आपले बी राखण्याचा, पेरण्याचा, बदलण्याचा व विकण्याचा हक्क आहे; मात्र संरक्षित वाणाचे बी ब्रँडच्या नावाने विकता येत नाही. शेतकऱ्यांच्या वाणांची त्यांच्या नावे नोंदणीही होऊ शकते. तसेच २००२ च्या जैवविविधता कायद्यान्वये गावात जैवविविधता व्यवस्थापन समिती असावी व तिने लोकांकडून माहिती घेऊन नोंदवही तयार करावी, अशी व्यवस्था आहे. तुमच्या ग्रामपंचायतीत जाऊन ती वही पाहा. आपल्या वस्तीतील वृद्धांचे ज्ञान तीत आले आहे की नाही, हे विचारा. आले नसेल तर घालावयास लावा.

समारोप

शेतकरी मुलाला जमीन, घर, विहीर ठेवून जाऊ इच्छितो. ज्याच्याजवळ यांपैकी काही नाही, तोही एक वारसा ठेवू शकतो, आणि त्याची वाटणी करताना तो कमी होत नाही. मात्र या वारशास एक अट आहे : देणारा जिवंत असतानाच तो घ्यावा लागतो. माझ्या वहीतील ते पान आजही कोरे आहे. तुमच्या गावातील आजी अजून ओसरीवर बसल्या असतील, तर पाऊस सरण्याची वाट पाहू नका.

चर्चेसाठी प्रश्न

१. नातवाजवळ बी असूनही पीक का आले नाही? त्याला कोणत्या तीन गोष्टी ठाऊक असावयास हव्या होत्या?

२. रब्बी ज्वारीत कोळपणीने ओल कशी टिकते, हे मुलांस शेतात दाखवून सांगा.

३. भूमिहीनांच्या व स्त्रियांच्या ज्ञानाची नोंद का झाली नाही? ती आपण कशी करू?

४. तुमच्या गावात चालत आलेली शेतकीची एक रीत घ्या. तिचे कारण सांगता येते काय? ती खरी की खोटी हे कसे तपासाल?

५. तुमच्या मंडळीतील सर्वांत वृद्ध तीन व्यक्ती कोण? प्रत्येकीस कोणते काम उत्तम येते? या आठवड्यात त्यांपैकी कोणाकडे, कोण जाईल, हे ठरवूनच सभा संपवावी.